मासा चालतो, कोंबडी नाही: हे मनात ठरतं कसं?

तिरफळ (धागाकर्ती)

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. गेल्या खेपेला आम्ही सगळे मालवणजवळ गावी होतो, तेव्हा वाडीची राखण आली. आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, कोंबडा देतात. पुरुषमंडळी तिथेच माळावर रांधतात, तिथेच जेवतात आणि उरलेलं घरी आणत नाहीत. पोरं दर वेळी आसपास हुंदडत असतात, कुणाचं लक्ष नसतं. या वेळी हा नेमका समोर उभा राहिला आणि त्याने सगळं पाहिलं. तेव्हापासून कोंबडी बंद. वडे खातो, रस्सा नको म्हणतो. दुसऱ्याच दिवशी तळलेले बांगडे मात्र मिटक्या मारत खाल्ले.

भावोजींनी चिडवलं, "का रे, माशाला जीव नसतो?" त्याने शांतपणे उत्तर दिलं, "मासा ओरडत नाही."

यावर मोठ्यांचं वादंग झालं. बहीण म्हणते, विसरेल आपोआप. आई म्हणते, त्याच्या मनाविरुद्ध घालू नका. मला मात्र त्याच्या उत्तराने कामाला लावलं आणि मी वाचत सुटले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सापडला. त्यात काही लोकांना सुकवलेलं बीफ खायला दिलं, काहींना काजू. मग सगळ्यांना गायीबद्दल आणि एकूण प्राण्यांबद्दल प्रश्न विचारले. बीफ खाल्लेल्यांनी प्राण्यांची फिकीर करणं हे आपलं कर्तव्य कमी मानलं आणि गायीला नैतिक दर्जाही कमी दिला. आधी सगळे सारखेच होते, फरक फक्त तोंडात काय गेलं याचा. (आमच्या काजूला विज्ञानात तटस्थ पक्ष म्हणून मान मिळाला, हे कोकणातल्या कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.)

म्हणजे 'विचार करून खातो' हे आपण स्वतःला सांगतो, पण बरेचदा खातो आधी आणि विचार त्याला साजेसा बसवतो. माझं तरी असं मत होत चाललंय. तुमच्या घरी ही रेघ कुठे आहे? कधी पडली? कारण देताना प्रामाणिकपणे द्या, 'संस्कार' एवढंच लिहून पळू नका.

देवगडचो_झील

भाचो हुशार आसा. माशाक आवाज नाय, म्हणान बिचारो ताटात!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. माझ्या आजोबांनी पन्नाशीत माळ घातली. त्या दिवसापासून मासे, मटण, अंडं सगळं बंद. पण घर माशांचं. आजी त्यांच्यासाठी वेगळ्या टोपात वरण-भात करायची आणि आमच्यासाठी बांगड्याचं तिखलं. आजोबा ओटीवर बसून वासावरून सांगायचे, "गो, तिरफळां कमी पडली." आणि ते बरोबर असायचं! किळस शून्य, लालसाही दाखवली नाही कधी. सोडलं म्हणजे सोडलं.

अळूवडी

मी गुहागरची, आमचं घर पूर्ण शाकाहारी. मी उलट्या टोकाची आहे. मला जीवहत्येचं वगैरे काही वाटत नाही, खरं सांगते. शेजारी अंगणात सुकट वाळत घातली की मला मळमळतं, बस्स. मैत्रिणीकडे गेले तर तिच्या घरचा चहासुद्धा घशाखाली उतरायला वेळ लागतो. भांडी घासलेली आहेत हे दिसत असतं, तरी.

माझा मुलगा पुण्यात चिकन खायला लागला, पण मासा बघून पळतो. त्याला काटे, डोळे, कल्ले नको असतात. चिकन म्हणजे त्याच्या लेखी चौकोनी तुकडे. त्यामुळे तिरफळताई, तुमच्या भाच्याचं आणि माझ्या मुलाचं गणित बरोबर उलटं आहे, आणि दोघंही आपापल्या जागी अगदी ठाम!

चौथा_कप

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली जावं.

अळूवडी, चहाचा तुमचा अनुभव हा या विषयातला सगळ्यात गाजलेला भाग आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे पॉल रोझिन यांनी आयुष्यभर किळस या भावनेवर काम केलं. त्यांच्या १९८६ च्या प्रयोगात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं आणि लोकांना रस प्यायला सांगितलं. झुरळ निर्जंतुक आहे हे माहीत असूनही रस नकोसा झाला. एकदा लागलं की कायमचं लागलं, असं मन धरून चालतं. आपल्याकडे वेगळी भांडी, वेगळा तवा, वेगळी चूल हे सगळं याच पायावर उभं आहे. 'विटाळ' आपल्याला कुणी प्रयोगशाळेतून शिकवावा लागला नाही.

त्यांचंच दुसरं निरीक्षण असं की किळस वाटणाऱ्या खाद्यवस्तू बहुतेक प्राणिजन्य असतात. कारलं कडू लागतं, नावडतं, पण कारल्याची किळस येणारा माणूस विरळा. मांसाचं तसं नाही. एकाचं पक्वान्न ते दुसऱ्याची ओकारी.

१९९७ मध्ये रोझिन यांनी अमेरिकेतल्या शाकाहाऱ्यांचा अभ्यास केला. तब्येतीसाठी मांस सोडलेल्यांपेक्षा नैतिक कारणाने सोडलेल्यांना मांसाची किळस जास्त येत होती. म्हणजे आधी 'हे चूक आहे' असं ठरतं आणि मग नाक-जीभही त्या मताला जाऊन मिळतात. आता गंमत बघा. झील यांचे आजोबा आणि अळूवडी, दोघंही या चौकटीत बसत नाहीत. आजोबांचा निर्धार होता पण किळस नाही, अळूवडींची किळस आहे पण नैतिक आक्षेप नाही. मला वाटतं, व्रत हा तिसराच प्रकार आहे आणि अमेरिकेतल्या त्या चौकटीत त्याला खण नाही. व्रतात वस्तू वाईट नसते. चांगली असते, म्हणून तर सोडायची.

भाच्याबद्दल: मासा हा 'पुरता प्राणी नाही' ही समजूत एकट्या कोकणाची नाही. कॅथलिक चर्चने शुक्रवारी मांस वर्ज्य केलं, मासा चालू ठेवला. बंगालचे ब्राह्मण आणि आपले सारस्वत मासे खातात. जपानमध्ये सम्राट तेन्मूने इ. स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. त्या यादीत मासा नाही. आणि ती बंदी वर्षभराची नव्हती, चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंतची होती. ओळखीचं वाटतंय ना?

आगरकन्या

@चौथा_कप, हो, चातुर्मासच की हा!

आम्ही अलिबागकडचे आगरी. आमच्याकडे म्हावरं नसलं की जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. तरी सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवारी काही घरांत नाही, चतुर्थीला नाही. श्रावणात बरीच घरं पाळतात. गणपती घरात असताना मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही, पण गौरी आल्या की काही घरांत त्यांना तिखटा नैवेद्य असतो, त्यात चिंबोरीसुद्धा. गणपतीसमोर पडदा ओढतात! एकाच घरात, एकाच छपराखाली, देवाला चालत नाही आणि देवीला हवं असतं. माझ्या बंगळुरूच्या रूममेटला हे समजावताना माझी दमछाक झाली होती. तिचं म्हणणं, "तू व्हेज की नॉनव्हेज, ते एकदा सांग."

चौथा_कप

तुमच्या रूममेटला आकडा द्या. २०२१ मध्ये आलेल्या प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणात ३९ टक्के भारतीय प्रौढांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं. पण मांसावर काही ना काही बंधन पाळणारे, म्हणजे विशिष्ट वार किंवा विशिष्ट मांस टाळणारे धरले, तर ८१ टक्के. आपल्याकडे 'खातो की नाही' यापेक्षा 'कधी, कुठे, कुणाच्या हातचं' हा प्रश्न मोठा आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका तेवढं सांगू शकत नाही.

मिठाचा_खडा

श्रावण पाळण्यामागे शास्त्र आहे हे विसरू नका. पावसाळ्यात माशांची वीण असते, म्हणून पूर्वजांनी श्रावणात मासे वर्ज्य केले. आपले पूर्वज पर्यावरणवादी होते.

तिरफळ (धागाकर्ती)

@मिठाचा_खडा, हे मीही लहानपणापासून ऐकत आलेय. पण तारखा जुळवून बघा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, ती विणीसाठीच. आपला श्रावण बहुतेक वर्षी जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यावर कधीतरी सुरू होतो. म्हणजे बंदी उठता उठता आपण मासे सोडतो. आणि श्रावणातल्याच नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ वाहून होड्या पाण्यात लोटतात. विणीचं रक्षण करायचं होतं तर ज्येष्ठ-आषाढ पाळायला हवा होता. आषाढात काय करतो आपण? गटारी!

पूर्वजांचा अपमान करायचा नाही. पण प्रथा आधी होती, शास्त्र नंतर चिकटवलं, हे इथे लख्ख दिसतं. मी धाग्यात जे म्हणत होते त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं, त्याबद्दल आभार.

मिठाचा_खडा

पावसात सूक्ष्मजीव असतात, पचनशक्ती मंद असते. तोही मुद्दा आहे.

देवगडचो_झील

पचनशक्ती मंद, आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू. बरा आसा!

हर्णै_बंदर

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई (इस्लामी धर्मनियमांची एक परंपरा, हनफी ही दुसरी). आमच्याकडे समुद्रातलं सगळं हलाल मानतात. कोळंबी, म्हाकुल, कालवं काही सोडत नाही. माझ्या धाकट्या भावाची बायको घाटावरची, माहेर हनफी. त्यांच्यात पाण्यातला फक्त 'मासा' चालतो. कोळंबी मासा की नाही यावर त्यांच्या उलेमांतही दोन मतं आहेत, खेकड्याला मात्र सरळ नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आईने हौसेने कुर्ल्यांचं कालवण केलं. वहिनीने मान खाली घालून भाताला फक्त डाळ घेतली. आईला वाटलं, सुनेला आपल्या हातचं आवडलं नाही.

आता मजेशीर भाग. मसल्याची, म्हणजे धर्मनियमाची, अडचण तिने विचारून सोडवली, कुणीतरी सांगितलं की सासरच्या रीतीने खाल्लंस तरी हरकत नाही. तरी तिला खाववत नाही. म्हणते, "पायच पाय दिसतात, अम्मी." परवानगी मिळाली, तोंड उघडलं नाही. नियम बदलला तरी जीभ ऐकत नाही, याला काय म्हणायचं, सर?

चौथा_कप

लहानपणी न दिसलेली वस्तू, एवढंच म्हणायचं. साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलं नवं खाणं सर्वांत जास्त नाकारतात, आणि त्याच वयात घरात वारंवार पुढे येणारं खाणं हळूहळू 'आपलं' होतं. वहिनींच्या घरी त्या वयात कुर्ल्या नव्हत्याच. आपण धर्माच्या नावावर जमा करतो त्यातलं बरंचसं खातं खरं तर आईच्या स्वयंपाकघराच्या नावावर असतं.

रेवदंडा_आगर

माशाच्या जातीवरून माणूस ओळखल्याची गोष्ट आमच्याच गावाकडची आहे. बेने इस्रायली लोक, म्हणजे आपले शनिवार तेली. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी काम बंद. नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांची होडी फुटली, असं ते सांगतात. त्यांच्यातच अशी परंपरा आहे की डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू माणूस इथे आला तेव्हा त्याला शंका होती की हे खरोखर ज्यू आहेत का. त्याने बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेले, म्हणजे ज्यू धर्माला चालणारे, मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. "हे आम्ही खात नाही." त्याची खात्री पटली.

शतकानुशतकं हिब्रू विसरली, ग्रंथ जवळ नव्हते, बोलायला मराठी, नेसायला लुगडं. पण कोळणीच्या टोपलीतून रावस घ्यायचा आणि शिंगाळा, चिंबोरी ठेवायची, हे हाताने विसरलं नाही. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागची इस्राएल आळी आणि आमच्याकडचं सिनेगॉग अजून आहे.

स्पष्ट_बोलतो

एवढं सगळं छान चाललंय, पण जात कुणीच काढत नाहीये. मुंबईत भाड्याने घर बघायला गेलो की पहिला प्रश्न, "नॉनव्हेज खात नाही ना?" त्यांना मासा नको असतो की मासे खाणारा नको असतो? अळूवडीबाई, राग मानू नका, पण मैत्रिणीकडचा चहा उतरत नाही, तो सुकटीमुळे की मैत्रिणीमुळे?

अळूवडी

राग नाही. विचारात पाडलंत. मैत्रीण भंडारी आहे. माझी एक सारस्वत मावससासू आहे, तिच्या घरी रोज मासे असतात आणि तिथे मी दोन कप चहा पिते. हे आत्ता लिहिताना माझं मलाच दिसलं. पुढे काय लिहावं कळत नाही, म्हणून थांबते.

चौथा_कप

अळूवडी, असं जाहीरपणे लिहायला धाडस लागतं. स्पष्ट_बोलतो यांचा मुद्दा सोळा आणे खरा आहे. किळस वस्तूवर थांबत नाही. वस्तूवरून भांड्यावर, भांड्यावरून हातावर आणि हातावरून माणसावर चढते. झुरळाच्या प्रयोगाकडे गंमत म्हणून बघताना हे विसरायला होतं. मात्र सगळं जातीनेच ठरतं असंही कोकणात म्हणता येत नाही. सारस्वत मासे खातात, चित्पावन परंपरेने खात नाहीत, दोघंही ब्राह्मण. जात सांगते कुणाकडून काय चालेल. जिभेला काय चालेल, ते दर वेळी जात सांगत नाही.

संपादक मंडळ

जातीवरची चर्चा सभ्य आहे तोवर चालू द्यावी. उडवलेले प्रतिसाद उडवलेलेच राहतील, विचारणा करू नये.

तिरफळ (धागाकर्ती)

सवय बदलते कशी, यावर एक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याकडे जाणार म्हणून घराघरांत काळीज, गुर्दा वगैरे खपवायचं ठरलं. लोकांना ते नकोसं. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींचे गट केले. काहींना व्याख्यान: जीवनसत्त्वं, देशभक्ती, पाककृती, सगळं. काहींना फक्त आपापसांत बोलू दिलं आणि शेवटी 'कोण करून बघणार, हात वर करा' म्हटलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी पूर्वी कधी न केलेला एखादा प्रकार घरी केला, गप्पा मारलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. आमच्याकडे वजडी पोरांना खायला कुणी व्याख्यान देऊन शिकवली नाही, शेजारच्या पोराने खाल्ली म्हणून खाल्ली.

आणि वाटप! भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, मिरची. त्याच वाटपात कोंबडी, त्याच वाटपात काळे वाटाणे, त्याच वाटपात कोवळा फणस. भाच्याला बहिणीने काळ्या वाटाण्याचं सांबारं वड्यांबरोबर दिलं तेव्हा त्याने काहीही न बोलता तीन वडे हाणले. जिभेला बहुतेक मसालाच हवा होता.

अळूवडी, सुकटीच्या वासाचं: समुद्री माशात एक पदार्थ असतो, मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, तो 'माशाचा' वास. आंबट पडलं की तो उडायचा थांबतो, म्हणून कालवणात आमसूल. शेजाऱ्यांच्या अंगणात मात्र काही इलाज नाही.

रेवदंडा_आगर

भाच्याला हे वाचायला देऊ नका, पण लिहायला हवं. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांत आम्ल टोचलं. मासे तळाशी डुलत राहिले, ओठ खड्यांवर घासत राहिले आणि बराच वेळ खाईनात. वेदना ओळखणाऱ्या चेतापेशी त्यांच्या डोक्यात सापडल्या. मासा ओरडत नाही हे खरं, पण दुखत नाही असा त्याचा अर्थ निघत नाही. खेकड्यांबद्दलही तेच. स्वित्झर्लंडने २०१८ पासून जिवंत लॉबस्टर उकळत्या पाण्यात टाकायला बंदी केली. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे, कोळंबी आणि म्हाकुल-ऑक्टोपस हे संवेदनशील जीव म्हणून धरलेत.

मी खातो, खात राहीन. पण 'त्यांना काही कळत नाही' हे कारण मी आता देत नाही.

देवगडचो_झील

अरे मगे कुर्ले कशे मारूचे? आये जितेपणीच नांग्ये मोडता.

रेवदंडा_आगर

बर्फात घालून ठेवा, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत. मग एका घावात उभा चिरा. नांग्या मोडत बसण्यापेक्षा बरं.

आगरकन्या

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, बर्फात ठेवलेल्या चिंबोरीला पाणी सुटतं, लाखीची, म्हणजे आतल्या गाभोळीची, चव जाते.

रेवदंडा_आगर

पिशवीत बांधून ठेवा, बर्फाचं पाणी लागू देऊ नका.

आगरकन्या

हं. हे तिला पटलंय असं दिसतंय, कारण "कुठली पिशवी" असं विचारतेय. रविवारी करून बघतो, चवीत फरक पडला तर इथेच भांडायला येते.